मामाही नाराज, भाचाही नाराज, मग ही अपडेट काढली कोणासाठी? गेम पब्लिशर मंडळींना नाशिकहून खुलं पत्र

गेम काढणाऱ्या आणि विकणाऱ्या तमाम पब्लिशर मंडळींना,
स.न.वि.वि.

पत्र लिहायची सवय सुटलीये. शेवटचं पत्र बहुतेक दहावीच्या मराठीच्या पेपरात लिहिलं होतं, तेही महापालिका आयुक्तांना, आमच्या भागात पाणी कमी दाबाने येतं म्हणून. त्यामुळे मायना चुकला असेल तर सांभाळून घ्या, मुद्दा तेवढा बघा.

मी राहतो सिडकोत, नोकरी अंबड एमआयडीसीत, वय ३६, एक मुलगी दुसरीत. दिवसभरात मला स्वतःची म्हणावी अशी चाळीस मिनिटं मिळतात, रात्री साडेदहा ते अकरा दहा, आणि तीही आठवड्यातले चार दिवस धरा. गेली चार वर्षं ती चाळीस मिनिटं मी तुमच्यापैकी एका कंपनीच्या गेमला देतोय. नाव घेत नाही, कारण मला एका कंपनीशी भांडायचं नाहीये, ही खोड बऱ्याच जणांना आहे.

झालं असं की गेल्या महिन्यात त्या गेमची नवीन सीझनची, म्हणजे नव्या हंगामाची, अपडेट आली. साडेनऊ जीबी. म्हणजे त्या रात्रीची चाळीस मिनिटं डाउनलोडची पट्टी सरकताना बघण्यातच गेली, ते असो. दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर आमचा क्विक मोड गायब. छोटा मॅप, दहा मिनिटांची मॅच, रँकबिंकची (जिंकत पायऱ्या चढायची) भानगड नाही, हरलं तरी कोणी शिव्या देत नाही असा तो मोड होता. आता म्हणे तो फक्त शुक्रवार ते रविवार. माझी सुट्टी गुरुवारी असते हो! आणि शुक्रवार ते रविवार घरात पाहुणे, लग्नं, पोरीचा क्लास, त्यातून वेळ काढायचा म्हणजे बायकोकडे रजेचा अर्ज करावा लागेल.

मला वाटलं ठीके, आपण म्हातारे झालो, गेम आता पोरांसाठी केली असणार. तर रविवारी ताईकडे गेलो, इंदिरानगरला, तिथे भाचा तोंड पाडून बसलेला. हा पोरगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, रोज चार चार तास खेळतो, रँक वरून दुसरी. म्हटलं काय झालं रे, तुझी तर मजा असेल आता. तर तो म्हणे, "मामा, वाट लावलीये गेमची. क्विक मोड बंद केला ना, तर तिथलं सगळं पब्लिक रँकमध्ये आलंय. माझ्या टीममध्ये रोज तुझ्यासारखे तीन मामा येतात, पहिल्या दोन मिनिटांत मरतात आणि निघून जातात."

मी चार दिवस हाच विचार करत होतो. एकाच अपडेटने मामापण नाराज आणि भाचापण नाराज. कमी खेळणारा पण वैतागला, जीव तोडून खेळणारा पण वैतागला. मग ही केली कोणासाठी?

उत्तर सापडलं पासमध्ये. बॅटल पास म्हणजे पैसे भरून घ्यायचा पास, खेळत गेलं की लेव्हलगणिक बक्षिसं उघडतात. तो आधी पन्नास लेव्हलचा होता, आता शंभरचा झाला, दिवस मात्र तेवढेच, पंचेचाळीस. मी शिफ्ट सुपरवायझर आहे, टाइम स्टडी हा माझा रोजचा धंदा, तर कागद घेऊन बसलो. एका लेव्हलला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. शंभर लेव्हल म्हणजे अडीच हजार मिनिटं, पावणेबेचाळीस तास. माझ्याकडे साडेसहा आठवड्यांत सव्वीस बैठका, प्रत्येकी चाळीस मिनिटं, म्हणजे सव्वासतरा तास. मी पोचतो एक्केचाळीसाव्या लेव्हलला. उरल्या एकोणसाठ. आणि शेवटच्या आठवड्यात तुमचं ते चमचमणारं बटण येतं, लेव्हल विकत घ्या, ऐंशी रुपयाला एक. एकोणसाठ गुणिले ऐंशी, चार हजार सातशे वीस रुपये. पासचे सातशे नव्व्याण्णव तर मी आधीच भरलेत!

म्हणजे आधी कंटाळवाणं करायचं आणि मग तो कंटाळा टाळायचे पैसे घ्यायचे. रस्त्यात खड्डा करायचा आणि शेजारी पंक्चरचं दुकान टाकायचं, त्यातली गत.

बरं, तुमच्या मीटिंगांमध्ये आम्हाला दोन डब्यांत घालतात हे मला माहितीये, कॅज्युअल (जमेल तेव्हा खेळणारे) आणि हार्डकोर (जीव तोडून खेळणारे). आणि मग म्हणायचं की काय करणार, दोघांना खूश ठेवणं अवघड आहे, एकाला दिलं की दुसरा रडतो. अहो पण हे दोन वेगळे प्राणी नाहीयेत. मीच तो हार्डकोर होतो! कॉलेजला असताना कॅनडा कॉर्नरजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही पाच जण तासाला वीस रुपये देऊन काउंटर स्ट्राइक १.६ खेळायचो, त्यातल्या डस्ट टू या मॅपचा एकेक कोपरा पाठ होता, लोडशेडिंगचं टाइमटेबल बघून लेक्चर बंक करायचो. लाइट गेली की कॅफेवाला अर्धा तास लिहून ठेवायचा वहीत, दुसऱ्या दिवशी फुकट. (बघा, तो माणूस गेलेला वेळ परत द्यायचा.) तोच मी आज कॅज्युअल आहे. माझा हात नाही गेला, वेळ गेला. आणि भाचा पण पाच सात वर्षांनी नोकरीला लागला की याच डब्यात येणारे, तेव्हा आज तुम्ही मला जे करताय ते उद्या त्यालाच होणारे. आम्ही एकच गिऱ्हाईक आहोत, फक्त वय वेगळं.

आता दुसरं दुखणं, हे जरा लाजिरवाणं आहे पण सांगतो. मागच्या वर्षी एकदा सहा महिन्यांच्या गॅपनंतर खेळायला बसलो आणि पहिल्याच मॅचला चौदा किल. चौदा! रात्री पावणेअकराला हॉलमध्ये एकटा नाचलो, आवाज न करता, पोरगी झोपलेली म्हणून. स्क्रीनशॉट काढून भाच्याला पाठवला. त्याचा रिप्लाय आला, "अरे मामा, बॉट आहेत ते. गॅप पडला की देतात पहिल्या दोन तीन मॅच." बॉट म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले खोटे खेळाडू. नंतर रिप्ले नीट बघितला तर खरंच, एक जण भिंतीकडे तोंड करून उभा आणि मी त्याला मोठ्या पराक्रमाने मागून मारतोय.

तुम्ही लहानपणी गल्लीत खेळला असाल नसाल, आमच्याकडे एक पद्धत होती, कच्चा लिंबू. कोणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागायचा मला पण घ्या म्हणून, मग त्याला घ्यायचे, पण तो कच्चा लिंबू. आउट झाला तरी आउट नाही, त्याला बॉल हळू टाकायचा, सरपटी टाकायची नाही. आणि महत्त्वाचं काय, तर हे खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचे. त्या पोराला पण माहीत असायचं, समोरच्या टीमला पण. म्हणून कोणाचा अपमान व्हायचा नाही आणि कोणाची फसवणूक पण नाही, आणि दोन वर्षांनी तोच पोरगा स्वतःहून म्हणायचा, आता मी कच्चा लिंबू नाही, मला नीट बॉल टाका. तुम्ही आम्हाला कच्चा लिंबू केलंत याचं दुःख नाही, गुपचूप केलंत याचं आहे.

फोर्टनाइट या लढाईच्या गेमवाल्यांनी २०१९ मध्ये बॉट आणले तेव्हा निदान जाहीर तरी केलं होतं की आणतोय, नवीन लोकांना शिकायला सोपं जावं म्हणून. आणि त्यांनीच पुढे २०२२ मध्ये झिरो बिल्ड काढलं ते मला फार पटलेलं. त्या गेममध्ये लढता लढता धडाधड भिंती बांधायच्या असतात. ज्यांना ते जमत नाही, म्हणजे माझ्यासारखे, त्यांना बिना बांधकामाचा वेगळा कायमचा मोड, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं बांधकामाची प्रॅक्टिस केली त्यांचा जुना मोड तसाच. कोणाच्या ताटातलं काढून कोणाला वाढलं नाही. जमतं की मग!

मॅचमेकिंगचं पण तेच. कोणाला कोणासमोर उभं करायचं हे तुमचं मशीन ठरवतं आणि ते कसं ठरवतं हे कोणालाच कळत नाही. कॉल ऑफ ड्युटी या बंदुकीच्या गेमवरून तर वर्षानुवर्षं भांडणं चालली. चांगले खेळणारे म्हणायचे स्किल बघून जोड्या लावू नका, दमलेल्या माणसाला रोज फायनल खेळायला लावताय. शेवटी ती गेम काढणाऱ्या ॲक्टिव्हिजनने २०२४ मध्ये स्वतःचा प्रयोग छापला, की स्किलचा हिशोब सैल केला तर वरचे दहा टक्के सोडून बाकीचे लोक कमी परत येतात, मॅच अर्धवट सोडून जातात. मग त्याच गेमच्या २०२५ च्या ब्लॅक ऑप्स ७ या भागात त्यांनी स्किल फारसं न बघणारी मॅचमेकिंग नेहमीची म्हणून ठेवली. यातलं बरोबर काय चूक काय ते मी ठरवणारा कोण, पण निदान कागद टेबलावर आला, लोक आकड्यांवर भांडू लागले. आमच्या गेमची कंपनी विचारलं तर सांगते, आम्ही सर्वांना उत्तम अनुभव देण्यासाठी कटिबद्ध आहोत. हे वाक्य मी वीज कनेक्शनच्या तक्रारीला पण वाचलंय.

तिसरी गोष्ट सीझन संपण्याची. आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये एक जण दिंडोरीला द्राक्ष बागायतदार आहे. त्याचं वेळापत्रक तुमच्यापेक्षा कडक. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या, मधेच अवकाळीचं सावट, मग थिनिंग (विरळणी), आणि जानेवारीपासून तोडणी, गाड्या, व्यापारी. त्याने हौसेने डिसेंबरात पास घेतला, पैसे भरले, आणि तुमचा सीझन संपला बरोबर त्याचा सीझन सुरू झाला तेव्हा. मार्चएंडला तो मोकळा होऊन आला तर जे पैसे देऊन घेतलं होतं ते सगळं कुलूपबंद. तो म्हणे, "भो, व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर निदान त्याच्या दारात तरी जाता येतं." यावर मी काय बोलणार.

आणि हे असंच असलं पाहिजे असं कुठे आहे? हेलो इन्फिनिट या गेमचे पास २०२१ पासून संपत नाहीत, एकदा घेतला की तुमचा, वाटेल तेव्हा पूर्ण करा. हेलडायव्हर्स २ या गेमवाले पण वॉरबाँड, म्हणजे त्यांचे पास, संपवत नाहीत. त्यांचं काही दिवाळं निघालं नाही. रोज रोज येणाऱ्याला जे मिळायचं ते मिळतंच तिथे, फक्त न येणाऱ्याला शिक्षा नाही.

आता भाच्याच्या बाजूने बोलतो, कारण तो स्वतः पत्र लिहिणार नाही, तो फक्त रेटिंग एक स्टार देऊन मोकळा होतो. जो चार तास खेळतो त्याला तुम्ही फुकट्या समजता, कारण तो पैसे कमी टाकतो. अहो पण नवीन माणसाला गेम शिकवतो कोण? मला स्मोक (धुराचा बाँब) कसा टाकायचा ते ट्युटोरियलने नाही, भाच्याने शिकवलं. स्पर्धा भरवतो तो, चीटर रिपोर्ट करतो तो, तुमच्या गेमची जाहिरात दिवसभर कॉलेजात फुकट करतो तो. या अपडेटमध्ये तुम्ही दुकानात एक बंदुकीची स्किन (वरची सजावट) टाकलीत जिची दुर्बीण साध्या बंदुकीपेक्षा स्वच्छ दिसते, म्हणजे नाव स्किन पण फायदा खेळात. त्याने तीन वर्षं घासून मिळवलेलं तुम्ही दीड हजाराला विकायला काढलंत. आणि वर डेली मिशन केल्याचे पॉइंट रँकमध्ये धरायला लागलात, त्यामुळे माझ्यासारखा माणूस नुसता रोज हजेरी लावून वर चढतो. मला नकोय ती रँक! हजेरीचे मार्क शाळेत घेतले तेवढे बास.

२०१७ ची बॅटलफ्रंट २ या स्टार वॉर्सच्या गेमची गोष्ट तुम्ही विसरला असाल, आम्ही नाही. डार्थ व्हेडर हे पात्र खेळायला मिळायला चाळीस तास लागतील असा लोकांनी हिशोब मांडला, ती काढणाऱ्या ईए कंपनीच्या खुलाशाला रेडिट या चर्चेच्या साइटवर साडेसहा लाखांच्या वर डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले, अशा पात्रांच्या गेममधल्या किंमती पंचाहत्तर टक्के उतरवाव्या लागल्या आणि गेम यायच्या आदल्या दिवशी गेमच्या आतली पैशाची विक्रीच बंद ठेवावी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी बेल्जियमने लूट बॉक्सला, म्हणजे आत काय निघेल ते न सांगता पैशाला विकायच्या पेट्यांना, जुगार ठरवलं. त्या वेळी कमी खेळणारे आणि जास्त खेळणारे एकत्र ओरडले होते, हे लक्षात घ्या.

अवघड-सोपंच्या वादावर थोडंसंच बोलतो कारण तो वाद मला निम्मा खोटा वाटतो. नाशिकला मिसळ खायला या कधी. तर्री वेगळ्या वाटीत येते. ज्याला कानातून धूर काढायचाय तो ओततो, माझी पोरगी दही घालून खाते, आणि शेजारच्या टेबलावरचा कोणी म्हणत नाही की तिच्या दह्यामुळे माझी मिसळ मिळमिळीत झाली. सेलेस्ट नावाची छोटी गेम आहे २०१८ ची, भयंकर अवघड, पण त्यात असिस्ट मोड आहे, वेग कमी करा, जीव जाणं बंद करा, काय हवं ते. अवघडच्या चाहत्यांनी ती तरीही डोक्यावर घेतली. एकट्याने खेळायच्या गेममध्ये तर्री वेगळी द्यायला काहीच हरकत नसावी. चार जणांच्या मॅचमध्ये मात्र मान्य आहे, तिथे एकाच्या दह्याचा दुसऱ्याला त्रास होऊ शकतो, म्हणून तर वेगळा मोड मागतोय.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. सर्व्हरला भाडं लागतं, पोरांना पगार द्यावे लागतात, प्रत्येक मोडमध्ये माणसं विभागली की मॅच लागायला वेळ जातो. मान्य. पण मग तसं सांगा ना, की या सर्व्हरवर दुपारी क्विक मोडला माणसं मिळत नाहीत, आम्ही रात्री नऊ ते बारा रोज चालू ठेवतो. मी एका पायावर तयार आहे. तुम्ही माणसांची सोय न बघता विकेंडचा सेल बघितलात.

आणि जुनी गेम नफ्याची नसते हे पण खरं धरून चालू नका. एज ऑफ एम्पायर्स २ ही १९९९ ची गेम, २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन आली, अजून नवीन भर पडतेय. कोणी कॉम्प्युटरशी सोप्या लेव्हलवर निवांत गाव वसवत बसतो, कोणी लॅडरवर (रँकच्या शिडीवर) एकेक सेकंद मोजतो, एकाच गेममध्ये. उलट दुसरीकडे युबिसॉफ्ट कंपनीने द क्रू, २०१४ ची गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करून टाकली, पैसे देऊन घेतलेली डिस्क हातात आणि गेम चालत नाही. त्यावरून स्टॉप किलिंग गेम्स चळवळ उभी राहिली, २०२५ च्या जुलैपर्यंत युरोपात दहा लाखांवर सह्या झाल्या. आपल्याकडे तर पब्जी २०२० ला गेली, तिचीच भारतातली आवृत्ती बीजीएमआय २०२१ ला आली, २०२२ ला गेली, २०२३ ला परत आली, ती कारणं वेगळी होती, पण एका रात्रीत गेम नाहीशी झाली की काय वाटतं ते इथल्या पोरांना चांगलं माहितीये.

तर मागण्या. फार नाहीत.

क्विक मोड रोज चालू करा, निदान रात्री नऊ ते बारा. ही सगळ्यात पहिली, बाकीचं नाही केलंत तरी ही करा, कारण यात मामा पण सुटतो आणि भाचा पण.

पैसे देऊन घेतलेला पास संपवू नका. हळू पूर्ण करू द्या. आणि ज्यांचे आधीचे अर्धवट राहिलेत ते परत उघडा, दिंडोरीवाल्याचा आधी उघडा.

बॉट असतील तर नावापुढे खूण करा. चौदाचे चार किल झाले तरी चालतील, खरे असू देत.

मॅचमेकिंगमध्ये काय काय बघता ते सरळ भाषेत एक पान लिहा. मराठीत लिहिलंत तर अजून बरं, तुमचे शॉपचे नोटिफिकेशन मराठीत येतात तर हे पण येऊ शकतं.

दुकानातल्या वस्तूने खेळात फायदा नको. कपडे विका, टोप्या विका, नाचायच्या स्टेप विका, मी स्वतः पोरीच्या हट्टापायी एक पांडाची टोपी घेतलीये, नव्व्याण्णव रुपयाला, तक्रार नाही. आणि रँक फक्त खेळावर द्या, हजेरीवर नाही.

सर्व्हर बंद करायची वेळ आली तर सहा महिने आधी सांगा, आणि मित्रामित्रांत तरी खेळता येईल अशी काहीतरी सोय ठेवून जा.

हे पत्र कंपनीच्या सपोर्टला पण पाठवलंय. तिकडून ऑटोमॅटिक उत्तर आलं, तुमची समस्या सुटली का, हो की नाही ते दाबा. नाही दाबलं. तर परत तेच आलं.

येत्या गुरुवारी माझी सुट्टी आहे. ओझरचा मित्र, पुण्याचा मित्र आणि दिंडोरीवाला, त्याची तोडणी परवाच उरकली, असे आम्ही चौघं साडेनऊला लॉगिन करणार आहोत. मोड दिसला तर खेळू. नाहीतर कॉलवर नुसत्या गप्पा मारू आणि त्या गेमची साडेनऊ जीबी जागा पोरीच्या गॅदरिंगच्या व्हिडिओंना लागतेच आहे.

कळावे,
एक मामा, सिडको, नाशिक